सपाट पाय: ऑपरेशन कुणाला, कधी?

नमस्कार श्रोतेहो. पाय ओला करून कोरड्या फरशीवर ठेवून बघा. टाचेपासून बोटांपर्यंत अख्खा ठसा उमटला, आतली बाजू कोरी राहिलीच नाही, तर पाय सपाट आहे असं समजा.

लगेच घाबरू नका. लहान मुलांचे तळवे असेच असतात, कमान साधारण १० वर्षांपर्यंत भरत जाते. मुलाला चवड्यांवर उभं केलं आणि कमान दिसली, तर पाय लवचिक आहे. असे पाय घेऊन रावेर-यावलकडच्या केळीबागांत लोक जन्मभर राबतात.

सैन्य-पोलीस भरती जवळ आली की सपाट पायाची पोरं येतात, "डॉक्टर, मेडिकलच्या आधी ऑपरेशन करून द्या." मी नाही म्हणतो. पोरं रुसून जातात, जाऊ देतो. न दुखणारा पाय कापायचा नसतो.

ऑपरेशन लागतं ते वेगळ्याच पायांना. दर चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणारी पन्नाशीतली बाई सांगते, यंदा घोट्याच्या आतल्या बाजूला सूज आहे, चप्पल एकाच बाजूनं झिजते. घोट्यामागून तळव्यात उतरणारी एक शीर, म्हणजे रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, कमान उचलून धरते. ती झिजली की कमान बसते, टाच बाहेर कलते. वाढलेलं वजन आणि मधुमेह त्यात भर घालतात. आधी बुटात आधाराची गादी आणि पोटरीचे व्यायाम, तेही काही महिने नेटानं.

तरी दुखणं हटलं नाही, तर टाचेचं हाड कापून सुमारे १ सेंटिमीटर आत सरकवतात आणि स्क्रूनं बसवतात. बोटं वाकवणारी एक शीर वळवून झिजलेल्या शिरेच्या कामाला लावतात. पाय कडक होऊन सांधेच झिजले असतील, तर ते कायमचे जुळवतात. दुखणं कमी होतं, पण शेताच्या बांधावर पाय पूर्वीसारखा वळत नाही. हे आधीच ऐकून घ्या.

पुढे साधारण ६ आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही. सूज पुरती उतरायला वर्षही लागतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचं हाड उशिरा जुळतं, साखर वाढलेली असेल तर जखम चिघळते. कापूस वेचणीच्या तोंडावर तारीख मागू नका. आणि मी एक्स-रेच्या आधी विचारतो तेच तुम्हीही घरी विचारून या: संडास कमोडचा आहे का, आणि रात्री उठवायला सोबत कोण आहे?