खाड्या मोजत, रेवस ते रेडी

श्रोतेहो, नमस्कार.

रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत सायकलवर एकटीने जायचं म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला : किलोमीटर किती? पाचशेच्या आसपास, असं सांगितलं की समोरचा लगेच भागाकार करतो. रोजचे शंभर, म्हणजे पाच दिवस, झालं काम. देशावरच्या सरळ रस्त्याला हा हिशेब ठीक आहे. सागरी मार्गावर तो दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंतही टिकत नाही. इथे किलोमीटर बाजूला ठेवावेत आणि खाड्या मोजाव्यात.

कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, पुढे काजळी, मुचकुंदी, वाघोटन, कर्ली. सह्याद्रीवरून उतरणारं पाणी जांभ्याचे सडे, म्हणजे उंचावरची सपाट कातळी पठारं, कापत समुद्राला मिळतं. त्यामुळे रस्ता खाडीच्या काठाला उतरतो, पलीकडे जातो आणि लगेच सड्यावर चढतो. शंभर-दीडशे मीटरचा चढ, वर थोडी सपाटी, की पुन्हा उतार, पुन्हा खाडी. नकाशात हा रस्ता समुद्राला चिकटून दिसतो म्हणून तो सपाट असेल असं वाटतं. पायांना तो घाटासारखाच लागतो. म्हणून महागडी हलकी सायकल नसली तरी चालेल, पण गिअर सोपे हवेत. पुढची लहान चकती तीस-बत्तीस दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी चौतीसची असेल, तर सामानासकट बसून चढता येतं. नाहीतर ढकलत न्यायची. त्यात लाज वाटायचं काही कारण नाही, कोकणात सगळेच चढ चालत चढतात.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं. याचं कारण वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, हलका आणि गार. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो आणि समुद्रावरून खारा वारा सुटतो. हिवाळ्यात तो बहुधा वायव्येकडून येतो, म्हणजे रेडीकडे जाणाऱ्याच्या पाठीवर. उलट दिशेने निघालेल्याला हाच वारा सगळी दुपार तोंडावर घ्यावा लागतो, आणि एकट्या माणसाला आडोसा धरायला पुढे दुसरी सायकल नसते.

आता फेरीबोटींविषयी. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड, अशा चार ठिकाणी सायकलसकट बोटीत चढावं लागतं. बोट चुकली तर थांबा, कारण दाभोळहून धोपाव्याला रस्त्याने जायचं म्हणजे पार चिपळूणकडे वळसा. वेळापत्रक असतं, पण पावसाळ्यात फेरी बंदही राहते आणि शेवटची बोट कितीची, हे आदल्या मुक्कामी विचारून घेतलेलं बरं.

बोट लागली की पुढचा लोखंडी दरवाजा साखळ्यांवर खाली येतो आणि धक्क्याच्या काँक्रीटवर आपटतो. भरती असली तर तो जवळपास आडवा टेकतो. ओहोटीला तोच चांगला उतरता होतो आणि त्याच्या पुढचा धक्क्याचा भाग नुकताच पाण्याबाहेर आलेला असतो, शेवाळाने हिरवा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, हा फरक फार जाणवतो, भांगाच्या भरतीला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, कमी. आज भरती ज्या वेळेला, उद्या त्याहून साधारण पन्नास मिनिटं उशिरा, एवढा हिशेब डोक्यात ठेवला की पुरे. आधी गाड्या चढू द्याव्यात, मग सायकल हाताने न्यावी. आत ती कठड्याला टेकवून मागचं चाक दोरीच्या तुकड्याने बांधायचं, ब्रेकच्या मुठीवर रबर चढवायचं. डेकवर खारं पाणी साचलेलं असतं. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर आंघोळ आपली नंतर, आधी चेन गोड्या पाण्याने पुसून, सुकवून तेल. ही शिस्त पाळली नाही तर दोन दिवसांत चेन तांबडी पडते. मुरुड-कर्द्याच्या किंवा गुहागरच्या ओल्या घट्ट वाळूवरून सायकल चालवायचा मोह होतोच. चालवा, पण ते तेल विसरू नका.

बोटीची वाट पाहताना धक्क्यावर जे घडतं, ते मला या सगळ्या प्रवासात महत्त्वाचं वाटतं. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, शाळेची पोरं, एखादा नवरदेवाचा टेम्पो, आणि त्यात हेल्मेटवाली मी. “येकटीच कशी गो? घरच्यांनी सोडलान कसा?” ही चौकशी आधी दटावणीसारखी वाटते. पाच मिनिटांत कळतं, की ती पुढची व्यवस्था आहे. वरच्या वाडीत कुणाकडे पाणी मिळेल, कुठल्या वळणावर खडी सांडलीय, रात्री देवळात उतरू नकोस, अमक्यांच्या घरी जा. रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्याला हे कोण सांगणार? या सागरी मार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे 1980 नंतरची, आणि आता उरलेल्या खाड्यांवरही पूल घालायचं काम हाती घेतलंय. पूल हवेतच. आजारी माणसाला रात्री बोट थांबत नाही. माझ्यासारखीला मात्र घाई आहे ती पुलांआधी आणखी एकदा जाऊन येण्याची.

सड्यांवर हे सगळं नसतं. तिथे सावली नाही, पाणी नाही, फक्त काळा-तांबडा कातळ आणि ऊन. पहाटे उजाडण्याआधी निघून अकराच्या आत सडा पार करावा, तीन लिटर पाणी आणि मीठ-साखर जवळ ठेवावी. दोन ट्यूब, चेन जोडायची कडी, ब्रेक पॅड, दोन-तीन जादा तारा हे सामान आपलं आपल्याकडेच हवं, कारण गावातल्या दुकानात पंक्चर निघतं, गिअरचे सुटे भाग मिळत नाहीत. पावसच्या पुढे आडिवरे-कशेळीकडे वळलात तर तासभर थांबा. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. वाटेत मालगुंडही लागतं, 1866 साली केशवसुतांचा जन्म झाला ते गाव. तिथे मी थांबते ते स्मारकासाठी, आणि खरं सांगायचं तर पुढच्या आरे-वारेच्या चढाआधी दम घ्यायला.

शिरोड्याला 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला. तिथून रेडी जवळच. रेडीला पोचलात की परतीसाठी सावंतवाडी स्टेशन गाठायचं. सायकल पार्सलने बुक करायची असेल, तर गाडीला लगेज डबा आहे का आणि तो तिथे उघडतो का, हे आदल्या दिवशी विचारा. पिशव्या काढून घ्या, पंप आणि दिवा स्वतःजवळ ठेवा, हँडलला नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन लिहिलेली चिठ्ठी बांधा. आणि स्टेशनवर किमान दोन तास आधी जा, कारण पार्सलच्या खिडकीवर तुमच्या पुढे आंब्याच्या पेट्या असणार, निदान मोसमात तरी.