माकडांच्या खोक्यातली नडगी

नमस्कार श्रोतेहो. माळ्यावरच्या डब्यावर चिठ्ठी ‘साबुदाणा’ची, आत निघतो रवा. दक्षिण आफ्रिकेत अशाच चुकीच्या चिठ्ठीखाली माणसाचा पूर्वज पडून होता.

जोहान्सबर्गजवळच्या स्टर्कफॉन्टेनच्या गुहांत चुनखडीसाठी सुरुंग लावले, तेव्हा दगडाबरोबर हाडंही फुटली. १९९४ मध्ये जीवाश्म अभ्यासणारे शास्त्रज्ञ रॉन क्लार्क यांना जनावरांच्या हाडांच्या खोक्यात पावलाची चार हाडं दिसली. जनावराची नव्हेत, दोन पायांवर चालणाऱ्याची! १९९७ मध्ये जोहान्सबर्गच्याच विट्स विद्यापीठात ‘माकडं’ अशी चिठ्ठी असलेल्या खोक्यात आणखी निघाली. त्यांत उजव्या नडगीचा तुकडा. तुटलेली कड सुरुंगाची, म्हणजे वरचा भाग अजून गुहेच्या खडकातच असणार.

क्लार्कनी तुकड्याची प्रतिकृती स्टीफन मोत्सुमी आणि न्क्वाने मोलेफे या सहकाऱ्यांना दिली. जुळणारं टोक शोधा! दालन प्रचंड, अंधार मिट्ट, हातात दिवे. आणि दीड दिवसात सापडलं. होय, दीड दिवसात. प्रतिकृती टोकाला चपखल बसली. (संग्रहालयांना हल्ली मोठमोठे पडदे हवे असतात. आधी चिठ्ठ्या नीट लिहा की!)

त्या नडगीमागे खडकात सांगाडा होता. हाच ‘लिटल फूट’, म्हणजे ‘छोटं पाऊल’. त्याचं वय सुमारे ३७ लाख वर्षं की बरंच कमी, हा वाद चालूच आहे. शोध दीड दिवसाचा. सांगाडा सोडवून, साफ करून लोकांसमोर यायला मात्र २०१७ चा डिसेंबर उजाडला. वीस वर्षं. खडक काँक्रीटसारखा आणि हाड त्याहून मऊ, त्यामुळे छिन्नी जरा घसरली की घाव हाडावर. म्हणून एअरस्क्राइब, दाबाच्या हवेवर थरथरणारी सुई. अशी ठिसूळ हाडं पक्की करायला ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं रेझिन वापरतात, आधी पातळ, पाचेक टक्क्यांचं. दाट झालं तर वर साय धरते, आत मुरत नाही.

वीस वर्षं हे हात राबवायचे तर पगार हवेत. १९९४ मध्येच ‘पास्ट’ हा न्यास उभा राहिला. स्टँडर्ड बँकेसारख्या कंपन्यांचा पैसा त्याच्यामार्फत संशोधनाला मिळत आला. कंपनीला अनावरणाचा फोटो प्यारा, पण पैसा लागतो सुईला, रेझिनला, पगाराला. आणि दरवर्षी, बरं का, दरवर्षी. मध्येच आटला तर कसबी माणूस दुसरीकडे जातो, आणि नव्या हाताला खडक कुठे संपतो नि हाड कुठे सुरू होतं, हे ओळखायलाच काही वर्षं लागतात.