पेडल मऊ का लागतं? स्वतः बांधलेल्या गाडीचे ब्रेक तपासताना

कारखान्यातून आलेल्या गाडीचं पेडल मऊ झालं, तर निदान एवढं ठाऊक असतं की ते आधी घट्ट होतं. तुम्ही 'बाजा'साठी (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून उतरायची स्पर्धा) वर्कशॉपमध्ये बांधलेल्या गाडीला हा आधार नाही. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब देणारा) एका गाडीचा, कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारे) दुसरीचे, पेडल तुम्हीच कापून वेल्ड केलेलं. तिचे ब्रेक अजून एकदाही बरोबर लागलेले नाहीत. म्हणून हवा काढण्यात ऑइलच्या बाटल्या रिकाम्या करण्याआधी जोडणीवर संशय घ्या.

थोडा हिशेब करू. मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) 19.05 मिमी असेल तर क्षेत्रफळ साधारण 2.85 चौ. सेंमी. ऑइलच्या लाइनमध्ये फक्त 1 सीसी हवा राहिली, तर ती दाबून टाकण्यात पिस्टनचे साडेतीन मिमी जातात. पेडलचं गुणोत्तर 5:1 असेल (पाय 5 मिमी, तर पिस्टन 1 मिमी) तर पायाखाली साडेसतरा मिमी. ज्या पत्र्यावर मास्टर सिलिंडर बसवलाय तो 1 मिमी वाकला, तरी पायाला 5 मिमी जाणवतात. पायाला हवा आणि वाकणारा पत्रा एकसारखेच लागतात, इथेच बहुतेकांची फसगत होते.

आता पेडल काय सांगतंय ते बघा. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर वर येऊन घट्ट होत असेल, तर पॅड डिस्कपासून फार लांब जाताहेत किंवा हवा आहे. डिस्क वाकडी फिरत असली वा बेअरिंगला खेळ असला, तरी पॅड मागे ढकलले जातात. मागे ड्रम असेल तर लायनर अ‍ॅडजस्ट करा. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा रबर कप आतल्या आत ऑइल सोडतोय. कितीही वेळा दाबलं तरी तेवढंच मऊ राहत असेल, तर हवा अडकलीय किंवा काहीतरी वाकतंय.

हवा की वाकणं, हे ठरवायला मास्टर सिलिंडरच्या दोन्ही आउटलेटला त्याच आट्याचे आणि त्याच बसकीचे प्लग लावा, तिथली हवा काढा आणि पेडल दाबा. दगडासारखं लागलं तर दोष पुढे, लाइन किंवा कॅलिपरमध्ये. तरीही मऊच असेल तर सिलिंडर किंवा त्याचं माउंटिंग. मित्राला जोरात दाबायला सांगून माउंटिंगला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं) लावा. पत्रा हलताना दिसला, तर मागून गसेट (आधाराची तिकोनी पट्टी) वेल्ड करा. रबरी होज एकेक करून क्लॅम्पने दाबूनही सर्किट वेगळं करता येतं, पण स्टीलच्या जाळीच्या होजला क्लॅम्प कधीच लावू नका, आतली नळी फुटते.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे डावा कॅलिपर उजवीकडे बसणं. मग निपल (हवा काढायचा स्क्रू) खाली येतं, वर हवेचा फुगा राहतो आणि लिटरभर ऑइल ओतलं तरी निघत नाही. निपल सर्वांत वरच हवं. ब्रॅकेटमुळे जमत नसेल, तर कॅलिपर सोडून निपल वर धरा, पॅडमध्ये डिस्कच्याच जाडीची पट्टी घाला, नाहीतर पिस्टन बाहेर येईल, आणि तशीच हवा काढा. चॅसिसवरून जाणारी लाइन मध्येच उंच चढून खाली येत असेल, तर त्या कमानीतही हवा बसते. मास्टर सिलिंडरचं पुढचं टोक वर असेल, तर गाडीची मागची बाजू जॅकवर घेऊन तो आडवा करा, म्हणजे ऑइलच्या टाकीकडे जायला हवेला वाट मिळते.

बॅलन्स बार (पेडलचा जोर पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये वाटणारा दांडा) आणि दोन मास्टर सिलिंडर असतील तर पुढचं एक आणि मागचं एक निपल एकाच वेळी उघडा. एकच उघडलं तर बार तिरका होतो आणि सिलिंडरला पूर्ण स्ट्रोक मिळत नाही.

हवा काढताना क्रम साधा आहे: दाबा, निपल उघडा, बंद करा, मगच पाय सोडा. नळीचं टोक ऑइलमध्ये बुडालेलं ठेवा, टाकी रिकामी होऊ देऊ नका. जुना मास्टर सिलिंडर असेल तर पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, कारण टोकाच्या गंजलेल्या भागावरून कप फिरला की तो फाटतो. व्हॅक्यूम पंपाने ओढलं, तर निपलच्या आट्यांतूनही बुडबुडे येतात, ते बघून घाबरू नका. निघालेलं ऑइल परत वापरू नका.

गाडी थंड असताना घट्ट आणि दोन-चार फेऱ्यांनंतर मऊ, असं झालं तर ऑइल उकळतंय. ताज्या डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस, पाणी शोषलेल्याचा किमान 155. महिनोन्‌महिने उघडी राहिलेली बाटली म्हणूनच टाकून द्यायची. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळू नका.

बॅनजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वायसर घाला. लाइनच्या टोकाचा फ्लेअर (पसरवलेलं तोंड) आणि फिटिंगची बसक एकाच प्रकारची आहे ना, तेही तपासा. डबल फ्लेअरच्या जागी बबल फ्लेअर कसून बसवला, तर आज कदाचित गळणार नाही, पण जोराच्या दाबाला गळू शकतो. शेवटी पेडल अर्धा मिनिट पूर्ण जोराने दाबून धरा आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. सगळे कोरडे निघाले, तरच गाडी मोकळ्या मैदानात नेऊन चारही चाकं लॉक होतात का ते पाहा.