चवथीची गोळी आणि मधेच लागणारा डाग

(दृश्य: गोव्यातला म्हापशाचा बाजार, चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधीचा आठवडा. सुपारीचे घोस, गणपतीवर टांगायच्या माटोळीची रानफळे. गर्दीतून कॅमेरा कोपऱ्यावरच्या फार्मसीकडे वळतो.)

निवेदन:
याच दिवसांत फार्मसीच्या काउंटरवर आवाज खाली उतरवून एक गोळी मागितली जाते. पाळी पुढे ढकलायची. पाळीत देवाचे करावे की नाही, हे ज्या त्या घराने ठरवावे. गोळीचा हिशेब मात्र सगळ्यांना एकच.

गोळीचे नाव नॉरइथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम. पाळीच्या तारखेच्या 3 दिवस आधी सुरू करायची, दिवसातून 3 वेळा. महिन्याच्या उत्तरार्धात शरीरातले प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन गर्भाशयाचे अस्तर धरून ठेवते. ते उतरले की अस्तर सुटते, तीच पाळी. गोळी हा आधार बाहेरून पुरवते. बंद केली की साधारण 2-3 दिवसांत रक्तस्राव सुरू होतो.

(दृश्य: स्वयंपाकघर. नेवऱ्यांच्या कडा दुमडणारे हात. खिडकीत गोळ्यांची पट्टी, दुपारची गोळी अजून तशीच.)

बिघडते ते बहुतेक वेळा दोन ठिकाणी. एक, गोळी उशिरा सुरू होते. पोटात कळा आल्या, हलका डाग दिसला, मग कोणीतरी फार्मसीकडे धावते. तोवर अस्तर सुटायला लागलेले असते. दोन, दुपारची गोळी राहते. कामाच्या गडबडीत सकाळची आणि रात्रीचीच घेतली जाते, मधे रक्तातले औषध उतरते आणि ऐन चवथीला डाग लागतो. अशा वेळी घाबरून दोन-दोन गोळ्या घेऊ नका. चुकलेली आठवताच घ्या, पुढच्या वेळा तशाच ठेवा.

या गोळीने गर्भ राहण्यापासून संरक्षण मिळते असे धरून चालू नका. गर्भ असण्याची शंका असेल, तर आधी लघवीची चाचणी करा. नॉरइथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून पूर्वी रक्ताची गुठळी झालेली, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठणारी, स्तनाचा कर्करोग झालेली, यकृताचा मोठा आजार असलेली बाई असेल तर ही गोळी नकोच. मुंबईहून रात्रभर गाडीत बसून गावी येणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: एकाच पायाची पोटरी सुजून दुखली किंवा अचानक धाप लागली, तर गुठळीची शंका धरून थेट 108 ला फोन. शेजारणीची उरलेली पट्टी घेणे म्हणूनच धोक्याचे.

(दृश्य: आरोग्य केंद्राचा व्हरांडा, सकाळ. टेबलावर माला-एनचे पाकीट.)

निवेदन:
आता रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या. माला-एन सरकारी केंद्रात फुकट मिळते. पाकिटात 28 गोळ्या: 21 हार्मोनच्या, 7 लोहाच्या. पहिले 3 महिने मधेच डाग दिसणे नेहमीचे आहे. गोळीत इस्ट्रोजेन फक्त 0.03 मिलिग्रॅम, त्याने अस्तर पातळ राहते, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक असतात, झिरपतात. याचा अर्थ गोळी निकामी झाली असा नव्हे. डाग दिसला म्हणून पाकीट मधेच सोडले, तर रक्तस्राव वाढतो आणि संरक्षणही जाते.

पण आधी पाकीट तपासा. एक गोळी चुकली असेल तर आठवताच घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतात. सलग दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली घ्या, त्याआधीच्या सोडून द्या आणि 7 दिवस निरोध वापरा. चूक तिसऱ्या आठवड्यातली असेल तर लोहाच्या गोळ्या वगळून थेट नवे पाकीट. गोळी घेतल्यावर 3 तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घ्या. टीबीचे रिफॅम्पिसिन, फेफऱ्याचे फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल तर सिस्टरना आधीच सांगा. ही औषधे गोळीचा जोर कमी करतात.

अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचे गणित वेगळे. 150 मिलिग्रॅम, दर 3 महिन्यांनी. सुरुवातीचे काही महिने डाग कधीही, कितीही दिवस. वर्षाअखेर साधारण निम्म्या बायकांची पाळी थांबलेली असते. रक्त आत साचते अशी भीती घरोघर ऐकू येते. साचत काही नाही, अस्तरच तयार होत नाही. टोचलेली जागा मात्र चोळायची नाही, औषध लवकर शोषले जाते.

(दृश्य: भिंतीवरची दिनदर्शिका. पेनाने केलेल्या खुणा.)

निवेदन:
काही डाग गोळीच्या माथी मारून चालत नाहीत. पाळी चुकलेली, डाग आणि पोटात एका बाजूला कळ, चक्कर किंवा खांद्यात दुखणे: गर्भ नळीत असू शकतो, थांबू नका. तासाला एक पॅड भिजतोय आणि असे दोन तास चालले, तरी तसेच. संबंधानंतर डाग येत असेल तर गर्भाशयाचे तोंड तपासून घ्यावे लागते. आणि पाळी जाऊन वर्ष झाले असेल, तर एकच थेंब, एकदाच, तरीही सोनोग्राफी. अस्तर 4 मिलिमीटरहून जाड दिसले की तुकडा तपासायला घेतात. "उष्णता झाली असेल" म्हणून कोकमाच्या पाण्यावर महिना काढणे, हे आपल्याकडे फार होते.

म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात, किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जाताना दिनदर्शिकेचा फोटो न्या: डाग कोणत्या तारखेला, रंग कसा, पॅड किती. रिकामी पट्टीही न्या. कोणत्या दिवसाची गोळी अजून आत आहे, ते तिच्यावरच दिसते.