झोपेत दात खाणं आणि मापाचा नाइट गार्ड

[दृश्य: झोपेच्या तपासणीची खोली, अंधारातला कॅमेरा]

गालावर चिकटवलेल्या या चकत्या चावण्याच्या मोठ्या स्नायूची, मॅसेटरची हालचाल टिपतात. पडद्यावर सर्वांत खालची रेघ त्याची. पण आधी वर बघा. मेंदूच्या लहरी काही क्षण वेग घेतात. माणूस जागा झालेला नाही, झोप फक्त उथळ झाली आहे. लगेच हृदयाचे ठोके वाढतात आणि मग मॅसेटर आकसतो, सुटतो, पुन्हा आकसतो, साधारण सेकंदाला एकदा. माइकवर ऐकू येते ती करकर हीच. अनेकांचा आवाज येतच नाही, जबडा नुसता आवळलेला असतो. त्यामुळे शेजारी झोपलेल्यालाही पत्ता लागत नाही.

मूल दात खातं म्हणजे पोटात जंत, असं घरोघरी समजतात. पण करकर ऐकली एवढ्यावरून जंताचं औषध देऊ नये. मुलांचं हे दात खाणं बहुतेक वेळा वयाबरोबर आपोआप कमी होतं. मोठ्यांमध्ये ताण, रात्रीची दारू, सिगारेट, उशिराची कॉफी आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनी ते वाढतं. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत. घोरणं असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर नाइट गार्डच्या, म्हणजे रात्री दातांवर बसवायच्या कडक आवरणाच्या, आधी झोपेची तपासणी.

[दृश्य: दातांचा क्लोजअप]

सुळ्याचं टोक सपाट झालंय. दाढेवर चकचकीत डाग आहेत, गालाच्या आत पांढरी रेघ. झिजलेलं इनॅमल पुन्हा येत नाही, दात तडकतात, सकाळी कानशिलं ठणकतात.

[दृश्य: दवाखाना, मग डेंटल लॅब]

आता दातांचं माप, म्हणजे ठसा. अल्जिनेट या ठशाच्या पदार्थाची पावडर आणि पाणी, दोन्ही डब्यासोबतच्या मापानेच घ्यायचं. मिश्रण ट्रेमध्ये भरून दातांवर दाबतात. घट्ट झाल्यावर ट्रे एका झटक्यात काढतात. हलवत हलवत काढला की माप ताणलं जातं. हे माप हवेत आकसतं आणि पाण्यात फुगतं, म्हणून १५ मिनिटांच्या आत त्यात स्टोन, म्हणजे दातांचं मॉडेल बनवायचं कडक प्लास्टर, ओतायचा. १०० ग्रॅम स्टोनला साधारण ३० मिलिलिटर पाणी. ट्रे थरथरत्या यंत्रावर धरलाय तो बुडबुडे निघावेत म्हणून. दाताच्या जागी एक बुडबुडा राहिला, तर मॉडेलवर खड्डा पडतो, खड्ड्याचा गार्डमध्ये उंचवटा होतो आणि गार्ड नीट बसतच नाही.

वरचं-खालचं मॉडेल आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्यासारखं उघडमीट करणाऱ्या यंत्रावर, चढवून दाढांमध्ये सुमारे २ मिलिमीटर फट ठेवतात. तेवढ्या जाडीचा मेणाचा गार्ड घडवतात, मग मेणाच्या जागी अ‍ॅक्रेलिक हे कडक होणारं प्लास्टिक भरतात. ते ७४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आठ-नऊ तास शिजतं. घाईने उकळलं, तर आतलं द्रव उकळून बारीक छिद्रं पडतात आणि गार्ड तिथेच फुटतो.

[दृश्य: रंगीत कागद, खुणा]

खरं कौशल्य इथे लागतं. वरच्या दातांवर गार्ड बसवून कागद चावायला द्यायचा आणि गार्डवर उमटलेल्या खुणा बघायच्या. खालच्या सगळ्या दाढांची खूण सारखी हवी. एकीवरच गडद आली, तर भार तिच्यावरच येतोय. तेवढं घासायचं, पुन्हा कागद. जबडा बाजूला सरकवला की फक्त सुळा टेकावा, दाढा सुटाव्यात. दोनेक आठवड्यांनी हे सगळं पुन्हा तपासायचं. ही तपासणी न करता गार्ड हातात ठेवला असेल, तर ती मागून घ्या.

गरम पाण्यात मऊ करून चावायचा तयार गार्ड आम्ही सुचवत नाही. मऊ गार्डवर काहीजण उलट जास्तच चावतात. मोजकेच दात झाकणारा गार्ड रोज वापरला, तर उघडे दात हळूहळू हिरडीतून आणखी बाहेर येऊ शकतात आणि दात एकमेकांवर बसण्याची पद्धतच बदलते. चांगला गार्डही दात खाणं बंद करत नाही, झीज स्वतःवर घेतो. दिवसा जबडा आवळत असाल तर लक्षात ठेवायचं एवढंच: ओठ मिटलेले, दात सुटे.

गार्ड गार पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. टूथपेस्टने चरे पडतात, गरम पाण्याने तो वाकतो. दर तपासणीला सोबत न्या; भोक पडलं किंवा तडा गेला, की नवं माप घ्यावं लागतं.