हसणाऱ्या वाचकाची बाजू

मित्रहो, लेखकानं स्वतःच छापलेल्या, संपादकाचा हात न लागलेल्या फँटसी मालिकांना (म्हणजे जादू, ड्रॅगन, काल्पनिक जगं यांच्या कथांना) जे वाचक हसतात, त्यांची बाजू मला आज मांडायची आहे. टुकार पुस्तकाला चारचौघांत हसण्याचा उद्योग आजचा नाही, आणि तो फक्त टवाळ पोरांचाही नाही. टॉल्किन आणि सी. एस. लुईस हे गाजलेले फँटसी लेखक ज्या मंडळीत बसायचे, त्या ऑक्सफर्डच्या 'इंकलिंग्ज'मध्ये एक खेळ चालायचा. अमांडा मॅकिट्रिक रॉस या आयरिश बाईंचं लेखन मोठ्यानं वाचायचं. न हसता जो सर्वांत जास्त वेळ टिकेल तो जिंकला. या बाईंची पहिली कादंबरी १८९७ साली त्यांच्या नवऱ्यानं लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाची भेट म्हणून पदरमोड करून छापून दिली होती. आजच्या भाषेत स्वप्रकाशन! एका समीक्षकानं तिला उपहासानं 'शतकातलं पुस्तक' ठरवलं, तेव्हा बाईंनी पुढच्या कादंबरीच्या प्रस्तावनेतच त्याला झोडपून काढलं. समीक्षकांना शिव्या घालण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. हसणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग यायचा, पण आपण थोर लेखिका आहोत या समजुतीवर साधा ओरखडा उठला नाही. लिहीत राहिल्या.

आता, त्या खेळात बसलेले लोक स्वतः काय लिहीत होते? बुटके, पऱ्या, बोलणारे सिंह, जादूच्या अंगठ्या. ज्या गोष्टीला उद्या कोणीही हसू शकेल तीच त्यांच्या टेबलावर होती. म्हणून त्यांचं हसणं मला निव्वळ तुच्छतेचं वाटत नाही. वाक्य कुठं मोडतं हे त्यांना नेमकं ऐकू येत होतं, आणि त्या ऐकण्याची त्यांना स्वतःलाही गरज होती.

फँटसी याच प्रकाराची एवढी चेष्टा का होते? वाईट सामाजिक कादंबरी नुसती कंटाळा आणते, वाईट फँटसी हसवते. सामाजिक कादंबरीकार 'स्टेशन' असं लिहितो आणि मोकळा होतो; फलाट, गर्दी, चहाचा वास वाचक आपणहून आणतो. फँटसी लिहिणाऱ्याला मात्र भूगोल, देव, चंद्र, शिव्या, सगळं शब्दांतून उभं करावं लागतं. त्यात प्रत्येक प्रकरणात जगबुडी! वरच्या पट्टीत गाणाऱ्याचा सूर जरा घसरला तरी शेवटच्या रांगेत कळतो, तसं हे आहे.

एक नमुना वाचतो. कोणा खऱ्या लेखकाचा नाही, मीच रचलेला आहे. पण अशा मालिका वाचणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल.

'"तुला तर ठाऊकच आहे, बंधू झ्राक्सोर," झ्राक्सिर कुजबुजत गरजला, "की आपले पिताश्री, सप्तचंद्रांचे सम्राट, गेली तीनशे वर्षं काळसर्पाच्या शापानं निद्रिस्त आहेत." त्याचे पाचूसारखे निळे डोळे खोलीभर फिरले आणि दारापाशी जाऊन थांबले.'

तुम्ही हसलात. कुठं कुठं हसलात ते बघा. भावाला ठाऊकच आहे, तर सांगतोस कशाला? वडील तीनशे वर्षं झोपलेत हे मुलाला आज आठवण करून द्यावं लागतं? झ्राक्सोर कोण आणि झ्राक्सिर कोण, हे दुसऱ्या पानावर कोणाच्या लक्षात राहणार? कुजबुजत गरजतात कसं? पाचू निळा कधीपासून झाला? आणि ते डोळे दारापर्यंत पायी गेले की काय? दोन-तीन ओळींत सहा हशे. आता हेच हस्तलिखित एखाद्या चांगल्या संपादकाच्या हाती गेलं असतं, तर समासात पेन्सिलीनं सहा खुणा झाल्या असत्या, आणि बहुतेक याच सहा जागी. मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे. वाचकांची ही टिंगल म्हणजे राहून गेलेलं संपादन आहे. फक्त ते उशिरा होतं आणि भर चौकात होतं.

टिंगल करणाऱ्यांची मेहनत कधी पाहिलीत? दुसऱ्या खंडातला आंधळा शाहीर चौथ्या खंडात सूर्यास्त पाहून गहिवरतो, हे कोणीतरी टिपून ठेवलेलं असतं. वाळवंट ओलांडणाऱ्या फौजेनं काय खाल्लं, याचा हिशेब कोणीतरी मांडलेला असतो. घोडे तर विचारूच नका, तीन दिवस तीन रात्री दौडतात आणि दाराशी बांधले की विषय संपला. खरा घोडा भरधाव सुटला तर काही किलोमीटरांतच फेसाळतो. डायना विन जोन्स या स्वतः नावाजलेल्या फँटसी लेखिका. १९९६ साली त्यांनी या सगळ्या ठोकळेबाज जगाचं एक खोटंखोटं पर्यटन-मार्गदर्शक लिहिलं. त्यात त्यांनी असा अंदाज बांधलाय की इथल्या घोड्यांचं पुनरुत्पादन बहुधा परागीकरणानं होत असावं! घरातल्या माणसानं घरातल्यांची उडवलेली ही खिल्ली आहे, आणि कुठल्याही लेखन-कार्यशाळेपेक्षा जास्त शिकवते.

बरं, पुस्तक इतकं वाईट आहे तर लोक सहाव्या खंडापर्यंत पोचतात कसे? माझं मत विचाराल तर, ज्या मालिकेला माणसं हसतात ती सर्वांत वाईट नसतेच. बेतास बात पुस्तक लोक पंचविसाव्या पानावर मिटतात आणि विसरतात. हसू येतं ते जिथं लेखक जीव तोडून काहीतरी करायला गेलाय आणि भाषेनं दगा दिलाय तिथं. त्या शाहिराचं पुढं काय होतं, हे हसणाऱ्यालाही मनातून हवं असतं.

२००७ साली ॲमेझॉनचं किंडल हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र आलं आणि आपलं पुस्तक आपणच विकायला ठेवायची सोय घरबसल्या झाली. मला त्याचं वाईट वाटत नाही. प्रकाशकाच्या दारातून चांगलं लेखनही कमी परत गेलेलं नाही. क्रिस्टोफर पाओलिनीची 'एरागॉन' ही फँटसी कादंबरी २००२ मध्ये त्याच्या घरच्यांनीच छापली होती. दुसऱ्याच वर्षी मोठ्या प्रकाशनानं ती उचलली. पण दार गेलं त्याबरोबर दारातली पेन्सिलही गेली. संपादक शब्दागणिक पैसे घेतो, आणि फँटसीचा एक खंड लाख-दीड लाख शब्दांचा सहज होतो. मग मुखपृष्ठावरच्या ड्रॅगनवर खर्च होतो आणि आतल्या वाक्यांवर करायला काही उरत नाही.

आता या हसण्याची दुसरी बाजू. जिम थीस नावाच्या सोळा वर्षांच्या अमेरिकन मुलानं एक तलवारबाज-नायकाची कथा लिहिली. १९७० साली ती हौशी विज्ञानकथाप्रेमींच्या एका छोट्या नियतकालिकात आली. तिच्यात मूर्तीचा एकमेव डोळा म्हणजे एक पाचू आहे, आणि तोही चक्क लालभडक! पुढं अनेक वर्षं संमेलनांत रात्री उशिरा तिचं वाचन होत राहिलं. हसलात की कागद पुढच्याकडे. १९८४ मध्ये थीस एका रेडिओ कार्यक्रमात बोलला. या टिंगलीनं आपण दुखावलो आणि पुन्हा काही लिहिणार नाही, असं त्यानं सांगितलं. २००२ मध्ये तो गेला. कथेचं हरवलेलं शेवटचं पान त्यानंतर, २००५ साली, न्यू मेक्सिकोतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडलं. अनेक नामांकित कथांच्या वाट्याला असे चिकाटीचे वाचक येत नाहीत, हेही खरंच. पण सोळाव्या वर्षी आपण सगळेच लाल पाचू लिहितो; आपलं कोणी छापलं नाही म्हणून वाचलो. रॉस बाई झोडपून काढायला समर्थ होत्या, हा मुलगा नव्हता. वाक्याला हसावं, खुशाल हसावं. लेखकाचा फोटो, वय, नोकरी, तो मुळात दुसऱ्या भाषेतला आहे का, हे उकरायला लागलात की तुम्ही पुस्तक वाचत नाही आहात.

आणि रॉस बाईंना किंवा थीसला नव्हती अशी एक सोय आजच्या लेखकाला आहे. ई-पुस्तकाची फाइल बदलता येते. आज दुरुस्त केलेली प्रत उद्या नव्या वाचकाला मिळते. म्हणजे चौकात झालेलं संपादनसुद्धा उपयोगाला येऊ शकतं, मात्र हसणाऱ्यानं खंड, प्रकरण आणि वाक्य सांगायला हवं. 'कचरा आहे' या शेऱ्यातून लेखकाला काही दुरुस्त करता येत नाही. 'चौथ्या खंडात आंधळा शाहीर सूर्यास्त बघतोय' यातून येतं. लेखकानं दोन दिवस चडफडून घ्यावं, मग ती यादी समोर ठेवून बसावं. शापाचं, सप्तचंद्रांचं नंतर बघता येईल. आधी त्या दोन भावांपैकी एकाचं नाव बदला.