अर्ध्या किलोची प्लेट: मुलींच्या कॅथलिक शाळेतलं व्यायामकेंद्र

[दृश्य: रिकामी खोली, भिंतीलगत धूळ खात पडलेली शिलाई मशिनं]

मुलींच्या कॅथलिक शाळेत व्यायामकेंद्राला जागा मिळते ती बहुधा अशीच. शिवणाची बंद पडलेली खोली, नाहीतर सभागृहामागचं सामानघर. जागा आयती मिळाली म्हणून लगेच यंत्रांची यादी करायला बसू नये. आधी पायाखाली काय आहे ते बघायचं.

वर्गखोलीची जमीन बाकं आणि मुली यांचा भार धरून बांधलेली असते. व्यायामशाळेसाठी दर चौरस मीटरला सुमारे 500 किलो भार धरतात. त्यातही नुसत्या वजनापेक्षा तालावरच्या उड्या स्लॅबला जास्त जाचतात. 30 मुली एका ठेक्यात उडाल्या की वरची जमीन थरथरते आणि खालच्या वर्गातल्या बाई डोकं वर करून बघतात. म्हणून तळमजला बरा. वरचाच मजला हाती असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनियरचा लेखी दाखला येईपर्यंत एकही डंबेल वर चढवू नये.

चॅपलला, म्हणजे शाळेतल्या प्रार्थनामंदिराला, लागून असलेली खोलीही टाळावी. आपटलेल्या वजनाचा दणका जमिनीतून आणि भिंतीतून पुढे जातो. दाराला कितीही जाड पडदे लावले, तरी तिथे मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, चालू असताना तो ऐकू येणारच.

[दृश्य: रबरी लाद्या बसवताना]

मोकळ्या भागात 8 ते 10 मिलिमीटर जाडीचं रबर पुरतं. वजनं उचलायच्या कोपऱ्यात 20 मिलिमीटर हवं. आरसे जमिनीपासून 50 सेंटिमीटर वर सुरू करावेत, म्हणजे घरंगळत आलेली वजनाची गोल प्लेट काचेवर आदळत नाही.

आता सामान. सगळ्यात महागडी चूक इथे होते. मोठ्यांच्या जिममधली यंत्रं तशीच्या तशी आणली जातात. पाय सरळ करायच्या यंत्रात गुडघा यंत्राच्या सांध्यासमोर यायला हवा. दीड मीटर उंचीची मुलगी त्यात बसली की पाठ टेकत नाही, गुडघा पुढे सरकतो आणि ताण भलतीकडेच जातो. ट्रेडमिलच्या मागे 2 मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मोकळी जागा लागते, शिवाय प्रत्येक ट्रेडमिलला वेगळं वीज सर्किट. एवढं करून त्यावर धावणार एका वेळी एकच मुलगी. तेवढ्या जागेत सहा जणी व्यायाम करतात. आमचं मत विचाराल तर पहिल्या वर्षी ट्रेडमिल नकोच.

[दृश्य: डंबेलचा रॅक, जवळून. 5, 6, 7 हे आकडे]

डंबेल घेताना टप्पा बघायचा. बाजारातले अनेक संच 5 वरून थेट साडेसातवर उडी मारतात. म्हणजे एकदम दीडपट! मुलगी 5 किलोवर महिनोन्‌महिने अडकते आणि आपल्यात जोरच नाही असं समजून येणं सोडते. म्हणून 2 ते 10 किलो, एकेका किलोच्या टप्प्याने. 6 किलोपर्यंत प्रत्येकी तीन जोड्या, त्यापुढे दोन. एकूण 23 जोड्या झाल्या.

बारचंही, म्हणजे दोन्ही टोकांना प्लेटा अडकवायच्या लांब दांडीचंही, तसंच. पुरुषांचा बार 20 किलोचा आणि 28 मिलिमीटर जाड. स्त्रियांचा 15 किलोचा, 25 मिलिमीटर. लहान तळहाताला तो नीट धरता येतो. नवख्या मुलींसाठी याहून हलके सरावाचे बार मिळतात. त्यांच्यासोबत हलक्या पण मोठ्या, 45 सेंटिमीटर व्यासाच्या प्लेटा घ्याव्याच लागतात. छोट्या लोखंडी प्लेटा लावल्या की बार जमिनीलगत जातो, मुलगी पाठीतून वाकते आणि दोष तिच्या माथी बसतो. बारवरचं वजनही एकेका किलोने वाढवता यावं म्हणून अर्ध्या किलोच्या चार प्लेटा मात्र विसरू नयेत.

[दृश्य: कपडे बदलायची खोली, रांगेत लहान कप्पे, प्रत्येकाला कडी]

दरवाजाला मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर पारदर्शक काच हवी, म्हणजे येता-जाता सिस्टरना आत दिसतं. रस्त्याकडच्या खिडक्या मात्र दुधी काचेच्या. कपडे बदलायला स्वतंत्र कप्पे, तिथे कॅमेरा नाही. पॅड आणि झाकणाचा डबा हाताशी. स्कर्टऐवजी गडद रंगाची ट्रॅक पँट. एवढ्यावर निम्म्या सबबी गळतात.

वजनकाटा ठेवूच नये. ‘तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे’ हे बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन भिंतीवर जरूर लावा, पण त्याखाली काटा आला की मुली त्याचा अर्थ वेगळाच लावतात.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातही डोळे उघडे ठेवावे लागतात. चर्चच्या कायद्यानुसार उपवासाचं बंधन वयाची 18 वर्षं पूर्ण झाल्यावर लागतं, मांस वर्ज्य करण्याचं 14 नंतर. तरी बऱ्याच मुली आपणहून उपवास करतात. म्हणून राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, हलके ताण देण्याचे व्यायाम. एखादीचा उपवास ईस्टरनंतरही संपत नसेल, किंवा सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नसेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे पाठवायचं. खाणं कमी आणि श्रम जास्त झाले की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं ठिसूळ होऊ लागतात.

[दृश्य: 30 सेंटिमीटरचा खोका. मुलगी उडी मारून खाली उतरते. चित्र संथ]

गुडघे बघा. उतरताना ते एकमेकांकडे झुकले. बास्केटबॉल, फुटबॉलसारख्या खेळांत मुलींच्या गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून धरणारा पट्टा, फाटण्याचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त आहे, आणि झुकणारा गुडघा हे त्याचं एक कारण. सूचना एकच द्यायची: आवाज न करता उतर. आवाज कमी करायला गेली की मुलगी आपोआप कमरेतून, गुडघ्यातून वाकते. मग गुडघा पावलाच्या रेषेत आहे का, तेवढं बघायचं. ते जमेपर्यंत खोक्याची उंची वाढवायची नाही.

40 मिनिटांच्या तासाचा हिशेब असा: कपडे बदलायला 6, शरीर तापवायला 5, वेगवेगळ्या व्यायामांच्या पाच ठिकाणी चार-चार मिनिटं, पुसून जागेवर ठेवायला 3 आणि पुन्हा कपड्यांना 6. प्रत्येक ठिकाणी सहा जणी. तिघी करतात, तिघी बघतात. एका प्रशिक्षिकेमागे 15 मुली, म्हणजे 30 जणींना दोघी लागतात. एकट्या मोठ्या माणसाच्या हाती खोली सोडायची नाही, हा नियमही त्यातच पाळला जातो.

बेंच पुसायला स्पिरिट वापरू नये, रेक्झिनला तडे जातात. विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा तालावर आणणारं एईडी यंत्र कुलपाबाहेर, व्हरांड्यात.

[दृश्य: शंभर पानी वही, पेन्सिलीने लिहिलेले आकडे]

प्रत्येकीची एक वही. तिच्यात उचललेलं वजन आणि किती वेळा उचललं ते लिहायचं, स्वतःचं वजन नाही. पुढल्या वर्षीची खरेदी या वह्यांवरून ठरते: 6 किलोवर किती जणी थांबल्या आहेत आणि 7 किलोच्या आणखी किती जोड्या लागतील.